दारावरचं वरचं नाव

आंधळ्या माणसाच्या घरात वस्तूंनी आपली जागा सोडायची नसते. हे पेंटरांच्या बायकोला, वहिनींना, कुणी शिकवलं नव्हतं. पेंटरांच्या डोळ्यांतला उजेड काचबिंदूने कडेकडेने आत सरकत गेला, मधोमध एक ठिपका तेवढा उरला, आणि तोवर त्या दोन खोल्यांनी आपलं सगळं ठरवून टाकलं होतं. खुर्ची भिंतीला पाठ लावून. पाण्याचं पिंप दाराच्या उजव्या हाताला, वर झाकण, झाकणावर पालथा पेला. चहाचा डबा खालच्या फळीवर पहिला, साखरेचा दुसरा. पेंटर उठले की भिंतीला नुसती बोटं लावत आत जायचे, स्वतःपुरता चहा करून घ्यायचे. जिना उतरून अंगणातल्या नळापर्यंत एकटे जाऊन यायचे. गल्लीत मात्र वहिनींचा खांदा धरल्याशिवाय पाऊल टाकता येत नसे, आणि खांदा धरला की त्यांचा चेहरा उतरायचा. घरात शिरले की पुन्हा माणसात यायचे. एवढीच काय ती जागा त्यांच्या मालकीची उरली होती, आणि तीही भाड्याची.

डोळे होते तेव्हा ते दुकानांच्या पाट्या रंगवत. बाजारातली निम्मी दुकानं त्यांच्या हातच्या नावांनी ओळखली जात. ते काम सुटलं तसं घर वहिनींच्या सुईवर आलं. कारखान्यातून शर्टांचे गठ्ठे यायचे, त्यांना वहिनी खिडकीपाशी बसून काज करायच्या आणि बटणं लावायच्या. मूलबाळ नव्हतं. देवाने दिलं नाही म्हणून त्यांनी देवाशी कधी भांडण काढलं नाही. रोज सकाळी हात जोडून एकच मागायच्या, की ह्यांना माझ्याआधी ने किंवा माझ्याबरोबर ने, मागे ठेवू नकोस. अशी मागणी बाई उगीच करत नाही.

दाजी आले ते अक्का गेल्यावर. अक्का म्हणजे पेंटरांची थोरली बहीण. आईबाप लवकर गेले, तेव्हा तिनेच या भावाला पोटच्या पोरासारखं वाढवलं आणि दाजींनी, म्हणजे तिच्या नवऱ्याने, कधी कपाळाला आठी घातली नाही. पोराचा हात चित्राकडे वळतोय हे दाजींनीच आधी ओळखलं होतं. पहिला ब्रश त्यांनीच आणून दिला होता. ते एका वाहतूक कंपनीत कारकून. निवृत्त झाले, अक्का गेली, कंपनीने दिलेलं घर सोडावं लागलं, आणि एक ट्रंक, एक वळकटी नि दाढीचं सामान घेऊन ते जिना चढून वर आले.

"चार दिवस मन रमवतो, मग बघतो कुठं जायचं ते," म्हणाले.

"चार दिवस कसले दाजी, घर तुमचंच आहे," वहिनी म्हणाल्या. बोलायची एक रीत असते, ती त्यांनी पाळली. पेंटर तर रडलेच. अक्काने शेवटच्या दुखण्यात भावाचा हात धरून सांगितलं होतं, ह्यांना उपाशी ठेवू नकोस रे. मरणाऱ्या माणसाला कुणी अट विचारत नाही.

पहिले काही महिने बरे गेले. मग दाजींचं टपाल परत जायला लागलं. दारावर नाव नाही म्हणून पोस्टमन खालूनच फिरला, असं कळलं. दाजींनी त्या दिवशी ताट बाजूला सारलं. मी इथे बिननावाचा पडलोय, तर बिनजेवणाचाही पडेन, म्हणाले. पेंटरांना ते फार लागलं. त्यांनी जुनी फळी शोधायला लावली, डबे उघडले, आणि डोळ्यांतल्या त्या उरल्यासुरल्या ठिपक्यातून एकेक अक्षर बघत पाटी रंगवली. नाक फळीला टेकत होतं. ती त्यांच्या हातची शेवटची पाटी. आधी दाजींचं नाव, खाली स्वतःचं. दाजी नात्याने मोठे, मोठ्याचं नाव खाली कसं घालायचं? वहिनींनाही त्यात काही वावगं दिसलं नाही. उलट त्यांनीच हातोडी धरून पाटी दारावर ठोकली आणि अक्षर किती गोल आलंय म्हणून कौतुक केलं. पाटी वाळेपर्यंत दाजी कुणाला दाराला हात लावू देत नव्हते.

घराच्या मालकीणबाई खालीच राहायच्या. जाता-येता त्या पाटीकडे बघायच्या आणि काही बोलायच्या नाहीत. न बोलणारा माणूस मनात हिशेब मांडून ठेवत असतो, हे नंतर कळतं.

ठिपका विझला. पेंटरांना पूर्ण अंधार झाला आणि दाजींना जणू घर मोकळं झालं. हवा खेळती पाहिजे, या नावाखाली त्यांनी पहिल्यांदा खुर्ची हलवली. मग खिडकीखाली आपली खाट आणली, कारण उजेडात पेपर वाचायला बरं. वहिनींचं काजाचं बस्तान आतल्या दाराशी, बल्बखाली गेलं. पिंप डावीकडे आलं, कारण दाजी डावरे. वहिनी पुन्हा जागच्या जागी ठेवायच्या, दाजी पुन्हा फिरवायचे. हे मांजर-उंदराचं चाललं होतं आणि मधल्या मधे पेंटर आपल्याच घरात हात पुढे करून चालायला लागले. एकदा चहात मीठ पडलं. दाजी मोठ्याने हसले, आणि पेंटरही हसले, लोक हसतात तेव्हा सामील व्हावं तसे. मिठाचा चहा त्यांनी संपवला.

वहिनींनी आडून सांगून पाहिलं. त्या वृद्धांच्या निवाऱ्यात म्हणे दोन्ही वेळचं असतं, सोबत असते, असा विषय काढला. दाजी पेपरातून डोळे न काढता म्हणाले, "तुमच्याकडे काय कमी आहे वहिनी? मी तक्रार केली का कधी?"

मग तो स्टुलाचा दिवस आला. दाजींनी बल्ब पुसायला स्टूल घेतलं आणि तसंच मधल्या दारात सोडून खाटेवर आडवे झाले. पेंटर चहाचं भांडं घेऊन बाहेर येत होते. चहा छातीवर सांडला, कपाळ चौकटीवर आपटलं. वहिनी गठ्ठा पोचवून परतल्या तेव्हा रक्त पुसायला पेंटरांनी हाताला लागला तो शर्ट घेतला होता, कारखान्याचा, आणि भिंतीला टेकून बसले होते. दाजी खाटेवरच. वहिनींनी विचारलं, स्टूल तिथे कुणी ठेवलं?

"आंधळ्याला काय वहिनी, स्टूल इथं काय नि तिथं काय," दाजी म्हणाले. "डोळस माणूस अडखळला, तर बोलावं."

त्या दिवसापासून पेंटरांनी खुर्ची सोडली नाही. चहा नाही, नळ नाही. सकाळी वहिनींनी बसवलं की संध्याकाळी उठवेपर्यंत तिथेच. कपाळाची जखम भरली तरी उठेनात. वहिनी दोन-तीनदा म्हणाल्या, चला, मी सगळं जागच्या जागी लावलंय. ते म्हणाले, आज लावलंयस गं, उद्याचं काय?

त्याच आठवड्यात मालकीणबाई वर आल्या. बसल्या नाहीत. दारात उभ्या राहूनच बोलल्या. करार पेंटरांशी. दुसरंच नाव दारावर लागलंय, आणि तेही वर. उद्या कुणी मला विचारलं, घर कुणाला दिलंय, तर मी काय सांगू? करार संपत आलाय. हे गृहस्थ राहणार असतील तर मला सगळंच घर रिकामं करून हवं. त्या वाईट बाई नव्हत्या, पण घर त्यांचं होतं आणि भीतीही त्यांची होती.

आता वहिनींना कळलं की काय जाणार आहे. दुसरी खोली मिळाली असती, जगात खोल्यांना तोटा नाही. पण आंधळ्या माणसाला नवं घर म्हणजे पुन्हा एकदा आंधळं होणं. या वयात पेंटर दुसऱ्या कुठल्या भिंती शिकणार? त्यांना नेऊन जिथे बसवू तिथेच ते बसून राहतील, शेवटापर्यंत.

त्यांनी केलं ते कुणीही केलं असतं. दाजी बाहेर गेलेले बघून कुलूप बदललं, ट्रंक आणि वळकटी जिन्यावर ठेवली. दाजींनी आरडाओरडा केला नाही. शांतपणे चौकीवर गेले आणि हवालदाराला घेऊन आले. हवालदार बिचारा वहिनींच्या बाजूचा, पण म्हणाला, "बाई, माणूस म्हणजे काय मांजर आहे, पोत्यात घालून सोडून यायला? एवढे दिवस राहिलाय, किल्ली तुम्ही दिलीत, दारावर वरचं नाव त्याचं. मी बाहेर काढू शकत नाही आणि तुम्ही तर नाहीच नाही. कोर्टातून कागद आणा. तोवर उघडा." वहिनींनी आपल्या हाताने कुलूप काढलं. दाजींनी आत येताना चपला नीट जोडून ठेवल्या आणि विचारलं, जेवायला काय आहे?

ज्यांना वकील परवडत नाही त्यांच्यासाठी कोर्टाच्या आवारात एक वकीलबाई बसायच्या. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि आधी रागवल्याच. कुलूप लावायचा सल्ला कुणी दिला? दाजींनी मनात आणलं असतं तर तुमच्यावरच उलटलं असतं. मग समजावलं. पाहुण्याला राहायची तुम्ही परवानगी दिलीत. ती आता लेखी मागे घ्यायची, निघायला रीतसर मुदत द्यायची, नाही निघाले तर कोर्टात अर्ज. कोर्टाने हुकूम दिला की काढायचं ते कोर्टाचा माणूस काढेल, तुम्ही नाही. आणि तोवर त्यांचं सामान हलवायचं नाही, पाणी-वीज तोडायची नाही, ती पाटीसुद्धा काढायची नाही.

"आणि जेवण?" वहिनींनी विचारलं.

वकीलबाई म्हणाल्या, कायदा वाढा म्हणत नाही. पण वाढत आलात ना? मग केस संपेपर्यंत वाढा.

म्हणजे ज्याच्यावर खटला भरायचा त्यालाच ताट वाढायचं. वहिनींनी वाढलं. नोटीस आली त्या दिवशी दाजींनी ती दोनदा वाचली, घडी घालून उशीखाली ठेवली आणि आमटीत मीठ कमी आहे म्हणाले. वहिनींनी मीठ आणून दिलं. रोज सकाळी देवापुढे उभं राहिलं की त्यांना आता शब्द सापडत नसत. एखाद्याला बेघर कर, असं देवाकडे मागता येतं का? शेवटी त्यांनी मागणं थोडं वळवून घेतलं. ह्यांच्या जिभेला बळ दे, एवढंच म्हणू लागल्या. कारण वकीलबाईंनी एक गाठ सांगून ठेवली होती. घराचा करार पेंटरांच्या नावावर, परवानगी पेंटरांची. ती मागे घेतली हे न्यायाधीशापुढे पेंटरांनाच बोलावं लागेल. बायकोने सांगून भागणार नाही.

पेंटर त्यावर हो म्हणत नव्हते आणि नाहीही म्हणत नव्हते. नोटिशीवर वहिनींनी बोट धरून दाखवलं तिथे त्यांनी सही केली होती, तीसुद्धा सुंदर. बोलायची वेळ आली की ते म्हणायचे, अक्का ऐकेल गं.

तारखेला तिघं एकाच बसने कोर्टात गेली. दुसरी बस नव्हतीच. उतरल्यावर मोठा रस्ता ओलांडायचा होता. वहिनींच्या एका हातात कागदांची पिशवी, दुसऱ्यात पाण्याची बाटली आणि छत्री. त्या हात मोकळा करेपर्यंत दाजींनी पेंटरांचं कोपर धरलं, दोन्ही बाजूंना बघितलं आणि सांभाळून पलीकडे नेलं. पायरी आहे, म्हणाले. आता दुसरी. वहिनी मागे चालत होत्या. त्यांना वाटलं, इथूनच परत फिरावं.

कोर्टाची खोली लहान, पंखा मोठ्या आवाजाचा. न्यायाधीश वयाने तरुण बाई होत्या. दाजींनी वकील केला नव्हता. स्वतःच उभे राहिले आणि छान बोलले. कारकुनी केलेला माणूस. घर तुमचंच आहे हे वहिनींचे शब्द, किल्ली यांनी दिली, आणि दारावर वरचं नाव माझं, तेही यांनी स्वतःच्या हाताने लिहिलेलं. पाहुण्याचं नाव कुणी दारावर लावतं का? वहिनींनी वकीलबाईंकडे बघितलं, तर त्या लिहीत होत्या.

न्यायाधीशबाईंनी पेंटरांना जवळ बसवलं. पाटी तुम्ही रंगवलीत का, विचारलं. हो. यांचं नाव वर का घातलंत?

"ते मोठे आहेत," पेंटर म्हणाले. त्यांना प्रश्नच कळला नसावा. "मोठ्याचं नाव खाली कसं लिहिणार?"

"म्हणजे घरावर त्यांचा हक्क आहे म्हणून नव्हे."

"हक्क? घर भाड्याचं आहे बाई. माझाच नाही, तर त्यांना कुठून देऊ?"

मागे कुणीतरी हसलं. न्यायाधीशबाई हसल्या नाहीत. त्यांनी विचारलं, कायमचं राहा असं सांगितलं होतंत का? पेंटर म्हणाले, तसं सांगितलं नव्हतं. पण जा असंही मी तोंडाने कधी म्हटलं नाही. नोटिशीत होतं ते वकिलांनी लिहिलेलं.

वहिनींनी डोळे मिटले. झालं, असं त्यांना वाटलं.

"मग आता तुमची इच्छा काय आहे?" न्यायाधीशबाई म्हणाल्या. "त्यांनी राहावं की जावं? तुमचं तुम्ही सांगा."

पेंटर उठून उभे राहिले. मघाशी दाजी ज्या बाजूने बोलत होते तिकडे त्यांनी तोंड केलं. पण दाजी बोलणं झाल्यावर पंख्याखाली जागा धरायला उठून दुसऱ्या बाजूच्या बाकावर जाऊन बसले होते, आणि पेंटरांसमोर कागदांचं एक लोखंडी कपाट होतं फक्त. त्या कपाटाला त्यांनी हात जोडले.

"दाजी," ते म्हणाले, "तुम्ही आता जा."

पलीकडच्या बाकावरून दाजी म्हणाले, "मी इकडे आहे रे."

त्या हाकेत राग नव्हता. लहान पोराला अंधारात दिशा सांगावी तशी ती हाक होती. पेंटरांचे जोडलेले हात खाली आले. ते हळूहळू वळले, पायाने बाक चाचपत, आणि बरोबर दाजींकडे तोंड झाल्यावर त्यांना तेच वाक्य दुसऱ्यांदा बोलावं लागलं. वहिनींनी जे रोज मागितलं होतं ते देवाने असं दिलं.

हुकूम झाला. पाटी मान म्हणून लावली, हक्क म्हणून नव्हे. पाहुणा हा पाहुणाच, परवानगी संपली, मुदतीत निघावं. दाजी मुदतीत निघाले नाहीत. कुठे जाणार होते? मग कोर्टाचा बेलीफ आला, सोबत एक पोलीस. बेलीफाने हुकूम वाचून दाखवला तेव्हा दाजींच्या अर्ध्या गालाला साबण होता. उरलेली दाढी करू का, त्यांनी विचारलं. बेलीफ घड्याळ बघत म्हणाला, करा. सगळे उभे राहिले आणि दाजींनी आरशात बघत, न घाई करता, दुसरा गाल साफ केला. वळकटी स्वतः बांधली. ट्रंक एकट्याला उचलेना, तेव्हा एक कडी वहिनींनी धरली. निवाऱ्यात जागा वकीलबाईंनी बघून ठेवली होती.

जिन्याच्या तोंडाशी दाजी म्हणाले, "वहिनी, खाऊपिऊ घातलंत. त्यात कसूर केली नाहीत." चांगलं म्हणाले की टोचून बोलले, वहिनींना समजलं नाही. पेंटर आतल्या खोलीत होते. दाजींनी हाक मारली नाही आणि तेही बाहेर आले नाहीत.

मालकीणबाईंनी करार पुढे चालू केला. पाटी त्यांनीच उतरवून घेतली. वहिनींनी खाट मोडून माळ्यावर टाकली, पिंप उजव्या हाताला नेलं, खुर्ची भिंतीला लावली. बस्तान पुन्हा खिडकीपाशी आलं. पेंटर आठवडाभर उठले नाहीत. मग एका सकाळी वहिनींना नळापाशी बादलीचा आवाज आला आणि त्या सुई हातात धरून तशाच ऐकत राहिल्या. बादली घेऊन ते वर आले, पाणी पिंपात ओतलं आणि म्हणाले, मला दाजींना भेटायला ने.

निवारा गावाच्या टोकाला. लांबच लांब खोली, ओळीने खाटा. तिथला मदतनीस आत जाऊन आला आणि म्हणाला, ते झोपलेत. तेवढ्यात आतून दाजींचा खणखणीत आवाज आला, कुणालातरी सांगत होते, ते कपाट तिकडे सरकवा, हवा अडते. मदतनीस ओशाळला. पेंटरांनी ऐकलं. बसून राहू या का, असं वहिनींनी विचारलं. नको, म्हणाले. झोपले आहेत ना.

परत येताना पेंटर गल्लीत खांदा धरून चालले, पण धरलेल्या बोटांत नेहमीचं वजन नव्हतं. घराच्या पायरीशी आल्यावर त्यांनी खांदा सोडला. वहिनी म्हणाल्या, अहो, थांबा, मी येते. ते थांबले नाहीत. एकटेच जिना चढत गेले, न अडखळता, एखाद्या डोळस माणसासारखे. वर दार उघडल्याचा आवाज आला, मग आतून कडी लागल्याचा.

वहिनी खालच्या पायरीवर बसल्या. मालकीणबाईंनी दारातून विचारलं, काय झालं, वर का जात नाही? जाते, वहिनी म्हणाल्या. त्यांना जरा एकटं राहू दे. घर आहे ना त्यांचं.